झीलची व्यवस्था

इंदूरला समुद्र नाही. तरीही दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आमच्या शहरात दर्यागीतांचा महोत्सव होतो, आणि समुद्र जेमतेम एकदा, तोही मुंबईच्या सहलीत पाहिलेली माणसं त्यात अगदी मनापासून नाचतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा निळ्या नायलॉनच्या साड्या दोन टोकांना धरून हलवत स्टेजवर लाटा केल्या होत्या. पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या वस्तीत वर्कशॉप असलेल्या एका सभासदाने पत्र्याची होडी बनवून दिली होती. तिला खाली चाकं होती आणि ती स्टेजवर येताना करकर वाजत होती. शेवटी प्रमुख पाहुण्यांनी प्लास्टिकच्या टबात नारळ सोडला. तो पाण्यात पडायच्या ऐवजी टबाच्या काठावर आपटून खाली गडगडला, तरी टाळ्या झाल्या. इंदूरची माणसं टाळ्यांच्या बाबतीत कंजूष नाहीत.

मी हसले होते, हे कबूल करते. मी कोळ्याची मुलगी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा बंदरावर वाढले, मासळीच्या टोपल्यांवर बसून पाढे पाठ केले. त्यामुळे हसायचा हक्क आपल्याला आहे असं मला वाटत होतं. पण तो हक्क मी कोणाला दाखवत नव्हते, कारण लग्न होऊन इंदूरला आल्यापासून माझे वडील ‘शिपिंगमध्ये’ होते. हा शब्द माझ्या नवऱ्याने शोधून काढला. त्याचं घराणं संस्थानाच्या काळापासून दप्तरात काम करणारं, जेवताना आवाज न करणारं. शिपिंग म्हटल्यावर तिथे पुढे कोणी काही विचारलं नाही. तसं ते खोटंही नव्हतं. होडी म्हणजे जहाजच, अंमळ लहान. मीही तो शब्द उचलला आणि वीस वर्षं वापरला. शहराजवळच्या राऊ गावातल्या एका कॉलेजात मी गणित शिकवते, तिथेही सगळ्यांना एवढंच माहीत होतं.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले. मुंबईहून बसने येताना मानपूरला बस चहाला थांबली, तिथून त्यांनी मला फोन केला. म्हणाले, इकडच्या हवेला वासच नाही, माणूस कुठं पोचला ते कळायचं कसं. मी म्हटलं, आता तासाभरात पोचाल. त्यावर ते म्हणाले की तास त्यांना कळतो, त्यांनी वासाबद्दल विचारलं होतं.

आयुष्यभर डिझेलचा धूर आणि विडी दोन्ही ओढल्याने त्यांच्या फुप्फुसांची चाळण झाली होती. इथल्या डॉक्टरांनी तपासून दोन वेळचा पंप दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आहे तेवढा श्वास जपून वापरायचा, नवा आता मिळणार नाही. बाबांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबायचे आणि भिंतीवरच्या विजेच्या मीटरचे आकडे वाचत उभे राहायचे, म्हणजे दम लागला असं दिसू नये. रोज तेच आकडे इतक्या लक्षपूर्वक वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमच्याच कॉलनीत महोत्सवाचा सचिव राहतो. पन्नाशीचा, बँकेत नोकरी, चार पिढ्यांचा इंदोरी मराठी. घरात मराठी बोलतो असं तो म्हणतो. त्यात क्रियापदं मराठी असतात, बाकीचं ज्याचं त्याने ओळखायचं. पण माणूस सोन्यासारखा. कोणाच्या घरी आजारपण असो, बारसं असो, हा आधी हजर. एके सकाळी कॉलनीच्या बागेत त्याने बाबांना विचारलं की काका, तुम्ही शिपिंगमध्ये होता ना, कोणत्या कंपनीत. बाबांनी सांगितलं की कंपनी बिंपनी काही नाही, पंचेचाळीस वर्षं मासे मारले.

त्या संध्याकाळी सचिव आमच्या दारात उभा राहिला तेव्हा मी दार अर्धंच उघडलं. वीस वर्षांचं शिपिंग एका वाक्यात बुडालं होतं. पण तो आला होता तो आनंदाने. गेली दहा वर्षं ज्या गाण्यांवर आपण नाचतो ती म्हणणारा अस्सल माणूस आपल्याच कॉलनीत निघाला, हे त्याला खरं वाटेना. आठवडाभरात सगळीकडे झालं. सासरकडच्या नातेवाइकांनी फोन करून कौतुक केलं. कॉलेजच्या संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावून, महोत्सवाला प्रमुख पाहुणे म्हणून यायला आवडेल असं स्वतःहून सुचवलं. जे मी जिवाच्या आकांताने झाकलं होतं ते उघडं पडल्यावर एकदम शोभेचं झालं. मला राग यायला हवा होता. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि जरा मिरवावंसंही वाटलं. खोटं कशाला बोलू.

सचिवाने बाबांना विचारलं, होडीवरची खरीखुरी गाणी म्हणाल का. बाबा म्हणाले की ती गाणी नाहीत, ते काम आहे. मग त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर. ती अट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

भरलेलं जाळं ओढताना एक जण हाळी देतो. तो एकटा एक ओळ म्हणतो, लांबवून, वाऱ्याच्या वर आवाज काढून. त्याची ओळ संपली की बाकीचे सगळे एका आवाजात उत्तर देतात आणि त्याच क्षणी मिळून दोर ओढतात. त्या उत्तराला झील म्हणतात, आणि देणाऱ्यांना झीलकरी. आमच्या होडीवरची झील दोनच शब्दांची होती, ‘येऊ दे’. हाळी बाबांची. ते म्हणायचे, ‘दोर भिजला रे, हात भिजला रे’, आणि सात-आठ माणसांचं ‘येऊ दे’ उठायचं. किनाऱ्यावरच्या आमच्या झोपडीपर्यंत ऐकू यायचं. यातली मेख अशी की झील चालू असते तेवढाच वेळ हाळी देणाऱ्याला श्वास घ्यायला मिळतो. आणि एकदा हाळी सुरू केली की जाळं होडीत येईपर्यंत तोडायची नाही. मधेच आवाज तुटला की हात ढिले पडतात, दोर सरकतो आणि कोणाची तरी बोटं जातात. आमच्या बंदरावर अशी बोटं गेलेले दोघे होते. दोघेही बाबांच्या होडीवरचे नव्हते, आणि याचा बाबांना अभिमान होता.

म्हणून बाबांची अट एवढीच होती की झील असली तर म्हणीन. झील नसेल तर माझा दम पुरायचा नाही. हे बोलणं बागेत झालं, मी तेव्हा कॉलेजात होते. संध्याकाळी बाबांनी मला सांगितलं की त्या भल्या माणसाने ताबडतोब कबूल केलं, जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. त्याचं थोडं आश्चर्य वाटलं, असंही म्हणाले. इंदूरला झीलकरी मिळतात हे त्यांना नवीन होतं.

मग पंधरा दिवस आमच्याकडे सराव चालला. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आहे. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिचं मोकळं टोक हातात धरायचे, कारण हात रिकामे असले की त्यांना शब्द सुचत नसत. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची. त्यांनी पहिली हाळी दिली आणि झीलेच्या जागी थांबले तेव्हा माझ्या तोंडून आपोआप ‘येऊ दे’ निघालं. कितीतरी वर्षांनी. माझा वर्गातला आवाज वेगळा आहे, नवऱ्याच्या नातेवाइकांत बोलायचा आणखी वेगळा. हा आवाज बाजारात मासळीवर ओरडणाऱ्या माझ्या आईचा होता. फाटका, रुंद, पोटातून येणारा. तो अजून माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

रोज बारा हाळ्या. बाबांनीच आकडा ठरवला होता. ते म्हणाले की स्टेजवर जाळं नाही, तेव्हा जाळं कधी आलं ते आपणच ठरवायचं, बारा ओढींत येईल असं धरू. माझी झील असली की त्यांना बारा सहज जमायच्या. ओळ झाली की ते डोळे मिटून श्वास आत घ्यायचे, मी ‘येऊ दे’ जरा लांबवायची, की लगेच पुढची ओळ. पंपसुद्धा लागायचा नाही. मला ते दिवस फार आवडले होते. एकदा ते म्हणाले, “झील चोख हाय तुझी, बाय. जरा लवकर सोडतेस.”

आणि लगेच पुढे म्हणाले, “पण तिथं तू नको हां. होडीवरची झील बाई धरत नाय.”

मी हसून म्हटलं की इंदूरला हे कोणाला माहीत आहे. त्यावर ते म्हणाले की त्यांना माहीत आहे, तेवढं पुरे. खरंच होतं. आमच्याकडे बायका होडीवर जात नाहीत, मग होडीवरची झील धरायचा प्रश्नच येत नाही. मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, कारण मला ती स्टेजवर धरायची नव्हतीच.

महोत्सवाच्या आठ दिवस आधी सचिवाचा मला फोन आला. म्हणाला, “ताई, काकांना सांगून द्या, झीलची व्यवस्था हो गई. एकदम फर्स्ट क्लास.” मी बाबांना निरोप दिला. त्यांनी विचारलं, किती जण आहेत. मी म्हटलं, असतील चार-पाच. चार पुरे, असं म्हणून ते निर्धास्त झाले. किती जण ते मी सचिवाला विचारलं नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

दोन दिवसांनी मोबाइलवर नवीन पत्रिका आली. कार्यक्रम नेहमीच्या सभागृहातून हलवून शहराबाहेरच्या तलावाच्या काठी ठेवला होता. मला वाटलं, या वर्षी नारळ खऱ्या पाण्यात सोडायची हौस आली असेल. चला, टब तरी सुटला. बाबांना सांगितलं तर त्यांनाही बरंच वाटलं. झील आणि तलाव. दिवसातलं निम्मं बोलणं हिंदीत करणारी मी, दोन्ही शब्द मुठीत घेऊन बसले होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पंधरा दिवस घरात झील म्हणजे एकच होती, ती मी पोळ्या लाटताना देत होते.

त्या रविवारी पाऊस उघडला होता. तलावाच्या काठावर मांडव, खुर्च्या, मागे पाणी, पाण्यावर संध्याकाळचा उजेड. पत्र्याच्या होडीची चाकं चिखलात रुतली होती म्हणून ती काठावरच ठेवली होती. पहिल्या रांगेत मध्यभागी आमचे संचालक, त्यांच्या शेजारी मी. नवरा कामासाठी पुण्याला गेला होता. लहान मुलांचे नाच झाले, एका बाईंनी सुरेल आवाजात दोन गाणी म्हटली. मग सचिवाने माइक घेतला आणि बाबांची ओळख करून देताना तो तीनदा ‘आपले काका’ म्हणाला. ते नाटक नव्हतं.

बाबा तीन पायऱ्या चढून स्टेजवर गेले आणि चढल्यावर थांबले. तिथे वाचायला मीटर नव्हता, म्हणून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि तो बराच वेळ केला. त्यांच्यासाठी एक जाड दोर ठेवला होता, त्याचं दुसरं टोक खांबाला बांधलेलं. त्यांनी तो उचलला, हातात घोळवून पाहिला. मग आपल्या मागे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

त्यांनी माइकमध्ये विचारलं, “झील कुठं हाय?”

सचिव स्टेजच्या कडेलाच उभा होता. त्याचा चेहरा उजळला. दोन्ही हात पसरून त्याने मागचं पाणी दाखवलं. “काका, पीछे देखो ना! आपके लिए पूरी झील!”

टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या त्या दिवशी नाचांनाही पडल्या नव्हत्या. संचालक माझ्याकडे झुकून म्हणाले की किती विचार करतात हो ही मंडळी. बाबा वळून पाण्याकडे पाहत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरून मला दिसत होतं. मला मात्र सगळं कळलं, एका झटक्यात, आणि कळल्यावर मी जागेवरच बसून राहिले.

ते खाली उतरू शकले असते. कोणी विचारेल, मग त्यांनी सुरूच का केलं. पण दोर हातात घेतला होता आणि समोर दोनशे माणसं वाट पाहत होती. असा दोर खाली ठेवणाऱ्यांतले ते नव्हते. आणि दुसरं, मी समोर बसले होते. ते परत वळले तेव्हा त्यांनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. माझ्याकडे बघतच त्यांनी पहिली हाळी दिली.

“दोर भिजला रे, हात भिजला रे.”

आणि थांबले.

झील द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ होता, एका श्वासाचा. मला नुसतं तोंड उघडायचं होतं. उठायचीही गरज नव्हती. तेवढ्यात माझ्या मनात तीन गोष्टी येऊन गेल्या. एक, शेजारी संचालक आहेत. दोन, बाबांनी स्वतःच सांगितलंय की बाई झील धरत नाही. तीन, तो आवाज. तो आईचा फाटका आवाज माझ्या तोंडून इथे निघाला तर उद्या वर्गात, स्टाफरूममध्ये, सासरच्या पंगतीत मी कोण राहणार? यातलं तिसरं कारण खरं होतं आणि दुसरं सोयीचं. बाबा कोळी म्हणून स्टेजवर शोभत होते. मी खुर्चीत कोळीण म्हणून शोभले नसते. मला बाबांची लाज वाटली नाही, हे मी शपथेवर सांगेन. मला माझी वाटली. आणि मी मिठाची गुळणी धरून बसले.

लोकांनी त्या शांततेत टाळ्या वाजवल्या. बाबांनी आणखी अर्धा क्षण वाट पाहिली, मग स्वतःच म्हणाले, “येऊ दे.” आणि दोर ओढला.

दुसरी हाळी, आणि दुसरी झीलही त्यांचीच. लोकांना वाटलं, हे असंच असतं. तिसऱ्याला कोणीतरी ठेका धरला आणि सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. टाळीचा स्वभावच असा की ती हळूहळू जलद होते. बाबांना त्या टाळीबरोबर जावं लागलं, कारण त्यांच्या लेखी टाळी म्हणजे ओढणारे हात, आणि हातांच्या मागे पडलेली हाळी कामाची नाही. श्वास घ्यायची जी एक जागा होती तीच आता त्यांच्या आवाजाने भरत होती. सहाव्या ओळीला शब्द गेले, नुसता सूर राहिला. सातव्याला मानेच्या शिरा दोरासारख्या वर आल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी ते माझ्याकडे पाहत होते. दर वेळी मी ठरवत होते की पुढची झील आपण द्यायची, आणि दर वेळी ती जागा निघून जात होती. नऊ. दहा. आधी दिली नाही तर आता कशी द्यायची, असंही मला वाटायला लागलं होतं. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याला मर्यादा नाही.

बाबांनी बारा पुऱ्या केल्या. बाराव्यानंतर त्यांनी दोर खाली ठेवला, नीट गोल वेटोळं करून ठेवला, आणि म्हणाले, “आलं जाळं.” ते कोणाला ऐकू गेलं नाही, कारण सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते.

ते स्वतःच्या पायांनी खाली आले. संचालकांनी शाल आणि नारळ दिला, फोटो झाले. कोणीतरी पोह्यांची प्लेट हातात दिली, ती धरून ते खुर्चीवर बसले. मी जवळ जाऊन पंप दिला. त्यांनी तो तोंडाला लावला, पण आत ओढता येईना. तेव्हा माझं लक्ष प्लेट धरलेल्या बोटांकडे गेलं. नखं निळी पडली होती. सचिवाने गाडी काढली आणि आम्हाला हॉस्पिटलला नेलं. रस्ताभर तो ‘कुछ नहीं होगा काका’ म्हणत होता आणि सिग्नल तोडत होता.

बाबांना मास्क लावला. श्वास आत ढकलणारं ते मशीन होतं, त्याचा आवाज एका लयीत चालायचा. डॉक्टर म्हणाले की आधीच काठावर होते, एवढा जोर कशाला करू दिला. मी म्हटलं, कल्पना नव्हती. हे मी इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांना थोडं बरं वाटलं. मास्क थोडा वेळ काढायची परवानगी मिळाली. सचिव भेटायला आला, सोबत फोटोंचं पाकीट. आजकाल फोटो कागदावर कोण काढून आणतं, पण काकांना हातात धरून बघता यावेत म्हणून त्याने मुद्दाम काढून आणले होते. एका फोटोत बाबा दोर ओढताहेत आणि मागे सगळं तळं सोनेरी झालंय. तो त्याला फार आवडला होता. तो सांगत होता की काकांनी झील मागितली तेव्हाच त्याच्या लक्षात आलं, दमेकरी माणसाला बंद सभागृहात कसं जमणार, पाण्याकाठची मोकळी हवाच हवी. परवानगीसाठी किती खेटे घातले तेही त्याने सांगितलं. म्हणाला, बाकी काही नाही तर काकांची एवढी इच्छा तरी पुरी करता आली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबा फोटोकडे पाहत मान हलवत राहिले.

तो गेल्यावर बाबांनी मला विचारलं की हा कोणत्या झीलेबद्दल बोलत होता. मग मी त्यांना सांगितलं. हिंदीत झील म्हणजे तलाव. तुम्ही उत्तर देणारी माणसं मागितलीत, त्याने तुम्हाला तळं आणून दिलं.

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग ते हसायला लागले. हसणं सोसवेना, तरी थांबवता येईना. एका हाताने पलंगाची कड धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. मीही हसले. आम्ही दोघं बऱ्याच वर्षांनी असं हसत होतो, आणि मला वाटलं, निभावलं. या हसण्यात सगळं वाहून गेलं. आता घरी जाऊ, गॅलरीत खुर्ची टाकू आणि हवी तेवढी झील मी देईन.

हसू ओसरल्यावर ते म्हणाले की त्याला यातलं काही सांगायचं नाही, माणूस चांगला आहे, उगाच जिवाला लावून घेईल. मी कबूल केलं. ते कबूल केलेलं मी आजवर पाळलं आहे. महोत्सव आता दर वर्षी तलावाच्या काठीच होतो, काकांच्या इच्छेप्रमाणे, आणि मी कुठलं तरी कारण काढून जात नाही.

मग ते दम घेत थोडा वेळ छताकडे पाहत पडून राहिले. मला वाटलं, झोप लागली. मी मास्क परत लावायला वाकले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. रागाने नाही. दोर नीट आहे ना ते पाहायला धरावा, तसं.

“त्याला झील म्हंजे तळं, बाय,” ते म्हणाले. “तुला तर येत व्हती.”

तुम्हीच नको म्हणाला होता, हे जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मनगट सोडलं. नर्सने येऊन मास्क बसवला, पट्टे घट्ट केले. त्या संध्याकाळी त्यांचा श्वास पुन्हा बिघडला आणि मास्क काढायची वेळ परत आली नाही. दोन दिवसांनी काढला, तेव्हा मशीन बंद केलेलं होतं.